वीस-बावीस हजाराचं हेल्मेट आपल्याकडच्या रस्त्यांवर परवडते का?

दारव्हेकर_४११

राम राम मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. घरची शेती अन् गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मागच्या साली जुनी हिमालयन मोटरसायकल घेतली. आठवड्यातून एकदा यवतमाळ, महिन्यातून दोनदा सुटे भाग आणायला कळंब-वर्धा करत नागपूर. आजवर सडकेच्या कडेला घेतलेलं सातशेचं हेल्मेट होतं. त्याचा पट्टा आता मी शिवणकामाच्या दोऱ्याने बांधून राहिलो.

यंदा तूर विकून थोडे पैसे सुटले. मनात इटालियन कंपनीचं एजीव्ही के-१ आहे. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, थांब, आणखी पैसे जमव आणि एकदाच जपानी शोएई घे. बाबा म्हणतात, तेवढ्या पैशात बकऱ्या येतात, त्या पिल्लं तरी देतात. ज्यांनी दोन-तीन प्रकारची वापरली त्यांनी सांगा, फरक खरंच जाणवतो का? आणि मे महिन्यात हे डोक्यावर ठेवता येते का?

बुलेटवाला_वणी

भाऊ, सातशेचं आजच फेक. आयएसआयवालं चांगलं फुल फेस (हनुवटीही झाकणारं) घे चार-पाच हजारात, उरलेल्या पैशाचे टायर टाक. बाकी सगळा शौक हाय.

झरीचा_फिरस्ता

वणीवाल्या भाऊंचं अर्धं पटते, अर्धं नाही. लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

मी बियाणं-औषधाच्या कंपनीत फिरतीवर आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव हा माझा पट्टा. दिवसाला सव्वाशे-दीडशे किलोमीटर, त्यातली निम्मी गिट्टीवरून. अकरा वर्षांत चार हेल्मेटं झाली. दोन देशी, एक इटालियन (के-१च, सध्या वापरतो), आणि मेव्हण्याचं जपानी मागून आणून हैदराबादपर्यंत घालून पाहिलं.

आधी देशीची गोष्ट. नोव्हेंबरची संध्याकाळ होती, करंजी सोडून मारेगावकडे चाललो होतो. कापसाच्या पऱ्हाटीतून रोही (नीलगाय) निघाला. एक गेला म्हणून मी गाडी सोडली, तर मागून दुसरा. मी आडवा झालो आणि तोंड खाली करून दहा-बारा फूट घासत गेलो. उठलो तेव्हा हनुवटीसमोरच्या भागाचा रंग उडून खाली पांढरं प्लास्टिक दिसत होतं, त्यात गिट्टीचा एक खडा रुतला होता. तो खडा कुठं रुतला असता ते मी घरी सांगितलं नाही. हेल्मेट साडेचार हजाराचं होतं, आयएसआय, फुल फेस. म्हणून जीव वाचवायला वीस हजारच लागतात असं मी कधीच म्हणणार नाही.

पुढची गंमत ऐका. बाहेरून ते ठीकच दिसत होतं. माझा साळा म्हणे, फेकता कायले, मी ट्रॅक्टरवर घालीन. मी ते वेल्डिंगवाल्या मित्राकडे नेऊन करवतीने मधोमध कापलं. आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो, तो कानशिलाच्या जागी दबून निम्मा झालेला. बोटाने दाबलं तर कडक, बाकीकडे भुसभुशीत. तो थर एकदाच दबतो. धक्का खातो आणि संपतो, परत फुगत नाही. म्हणून पडलेलं हेल्मेट कुणाला देऊ नका, घेऊही नका. हिमालयनसोबत जुन्या मालकाने 'फ्री' दिलं असेल तर तेही नको.

आता महागाचा हिशोब. हैदराबादला गेलो तेव्हा मेव्हण्याचं शोएई होतं. ४४ नंबरच्या हायवेवर आदिलाबाद सोडलं आणि मला वाटलं गाडी ओढून नाही राहिली. पाहतो तर काटा १०५ वर. आवाजच नव्हता! रोजच्या हेल्मेटमध्ये ८० ला जो घोंघाट होतो, त्यावरून मी आजवर वेग ओळखत होतो. निर्मलला चहाला थांबलो तेव्हा मान दुखत नव्हती, डोकं जड नव्हतं. पैसे जातात ते त्या शांततेचे, आणि घासून-पुसून केलेल्या कामाचे. पण त्याच हेल्मेटने दुसऱ्या आठवड्यात मुकुटबनकडची चार गावं केली. तिथं ३०-३५ चा वेग, हवा आत जायला वेग तर पाहिजे ना? तिथं जपानी काय नि देशी काय, भट्टी ती भट्टी.

म्हणून तुम्ही आधी सांगा, महिन्यातल्या दोन नागपूर फेऱ्यांसाठी घेऊन राहिले की रोजच्या गावासाठी?

के-१ बद्दल. बाहेरचं कवच थर्मोप्लास्टिकचं, फायबरचं नाही. माझ्या हेल्मेटाचं वजन गावच्या किराणा काट्यावर दीड किलो भरलं, माझं जुनं देशीही तेवढंच होतं. माझ्या डोक्याला ते बरोबर बसलं, हाच खरा फायदा. काच एकदम स्वच्छ, कडेचं वाकडं दिसत नाही. आपल्याकडे हे फार लागते. डिसेंबर-जानेवारीत कापसाचे ट्रॅक्टर रात्री मागच्या लाईटविना चालतात, ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर ना काही. समोरून ट्रक डिप्पर न देता येतो. जुन्या काचेवर बारीक चरे असले की त्या उजेडाचं कोळ्याचं जाळं होते आणि जाळ्यामागची ट्रॉली दिसतच नाही. मला विचाराल तर महाग हेल्मेटातली निम्मी किंमत काचेची समजा.

आणि ती काच आपण स्वतःच मारतो. वणी-घुग्गुस सडकेवर कोळशाची धूळ, ती हातमोज्याने पुसली की झाली काच खल्लास. ओला रुमाल पाच मिनिटं काचेवर ठेवायचा, किडे-धूळ फुगू द्यायची, मग अलगद ओढायचा. पेट्रोलने पुसणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना माझा दंडवत.

घेण्याआधी एक चौकशी कराच: सुटी काच किती दिवसांत मिळते? चारपैकी एका हेल्मेटाची (कोणत्या ते नाव घेत नाही, इथं भांडण नको) काच तुटली तेव्हा दुकानदाराने पाच आठवडे 'आज येते, उद्या येते' केलं. मी पाऊसकाळात चिकटपट्टी लावून फिरलो. काळी काच हौसेने घ्याल तर साधीही सोबत घ्या. संध्याकाळी सहानंतर काळ्या काचेत रानडुक्कर आणि अंधार सारखेच.

आता उन्हाळा. इथं बहुतेक जण दुपट्टा बांधून त्यावर हेल्मेट घालतात, आणि दुपट्टा मावावा म्हणून एक साईज मोठं घेतात. मीही घ्यायचो. मग पावसाळ्यात दुपट्टा नसतो आणि हेल्मेट डोक्यावर घागरीसारखं फिरते. पडलं तर आधी तेच निघते. पातळ सुती टोपीवजा मास्क मिळतो, तो निघताना ओला करून घाला, अर्धा तास थंड राहते. पांढरं किंवा फिकट हेल्मेट घ्या. मॅट ब्लॅक फोटोत छान दिसते, ४५ डिग्रीत पोळते. खिशात कांदा मी अजूनही ठेवतो, हसा तुम्ही.

आतलं अस्तर निघणारं पाहिजे. शांपूच्या पाण्यात हाताने धुवायचं, सावलीत वाळवायचं. घामाने पट्टा खारट होतो. झरीकडच्या एका अंगणात मी चहा पीत बसलो तोवर बकरीने माझ्या हेल्मेटाचा पट्टा अर्धा बोटभर चघळला. शेतकरी म्हणे, साहेब, तिला मीठ पाहिजे होतं. बाबांना सांगा, बकरी आणि हेल्मेट एकाच घरात जमत नाही.

दारव्हेकर_४११

हाहा, बाबांना वाचून दाखवलं, ते बकरीच्याच बाजूने आहेत.

भाऊ, दोन प्रश्न. पुण्याचा भाऊ ईसीई, डॉट, स्नेल असं काय काय म्हणतो. ते पाहायचं कसं? आणि साईज? यवतमाळला एका दुकानात घालून पाहिलं तर गाल इतके दाबले की दुकानदाराला भाव विचारता येईना. तो म्हणाला मोठं घ्या.

झरीचा_फिरस्ता

गाल दाबतात ते बरोबर आहे. गालाच्या गाद्या पंधरा-वीस तासांत बसतात. दुखायला नको ते कपाळ आणि कानशील. शिंप्याची टेप भुवईच्या बोटभर वरून, मागे डोक्याचा जो फुगवटा त्यावरून फिरवा. ५७-५८ सेंटिमीटर आलं तर बहुतेक कंपन्यांत मीडियम. एजीव्हीत त्याचेही दोन भाग आहेत, ५७ ला एमएस आणि ५८ ला एमएल, म्हणून तिथं नुसतं 'मीडियम द्या' म्हणू नका. दुकानात अर्धा तास घालून बसा. दुकानदार कंटाळू द्या, पैसे तुमचे आहेत. काढल्यावर कपाळावर मधोमध लाल चट्टा दिसला तर तुमचं डोकं लांबट आणि हेल्मेट गोल आहे. त्यात कंपनीची चूक नाही, तुमचीही नाही, दुसरं पाहा. मग पट्टा लावून मागची कड धरून पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघालं तर तिथंच ठेवून या.

शिक्क्यांचं थोडक्यात. १ जून २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, मग ते कितीही परदेशी असो. तेव्हा तो शिक्का पहिला. मागे आयएस ४१५१ (हेल्मेटाच्या मानकाचा नंबर) आणि खाली सीएम/एल लायसन नंबर असतो, तो लायसन नंबर सरकारी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा. सडकेवरचे शिक्के कधी कधी नुसते स्टिकर असतात.

ईसीई म्हणजे युरोपकडची चाचणी. तिचं कापडी लेबल आत, बहुधा पट्ट्यावर शिवलेलं असते. गोलात ई आणि आकडा, तो मंजुरी देणाऱ्या देशाचा. ३ म्हणजे इटली, ९ म्हणजे स्पेन. त्याखालचा लांब नंबर ०६ ने सुरू झाला तर नवीन २२.०६ चाचणी, ०५ असेल तर जुनी. नव्या चाचणीत वेगवेगळ्या वेगाने आपटतात आणि डोकं पिळवटणारा तिरपा मारही तपासतात. जुन्यात तो नव्हता. डॉट अमेरिकेचं. स्नेलही तिकडचंच, रेसवाल्यांमधून आलेलं. आपल्या गिट्टीसाठी मी आयएसआयसोबत २२.०६ असेल तर खूश.

उपकेंद्रवाली_सिस्टर

सगळे दादा लोक बोलून राहिले, थोडं माझंही ऐका. स्कूटीवर पाच गावं करते. माझं डोकं ५४. तालुक्याच्या दुकानात एवढं लहान ठेवतच नाहीत, 'मॅडम हे घ्या, केस मोकळे सोडले की बसते' म्हणतात. अंबाडा घालून कोणतंच हेल्मेट नीट बसत नाही, सैल वेणी मानेजवळ घालावी लागते. चष्मा असेल तर घेताना सोबत न्या, काहींमध्ये काडी जायला जागा असते, काहींत कानावर रुतते.

मी शेवटी समोरचा भाग वर होणारं घेतलं. जड आहे, पण दर गावात थांबून बोलावं लागते, तोंड झाकलं तर म्हाताऱ्या बाया दारच उघडत नाहीत. झिरोफिरस्ता दादांनी सांगितलं त्या लेबलवर माझ्या हेल्मेटात पी/जे लिहिलं आहे, त्याचा अर्थ कुणी सांगेल का? कुत्री मात्र अजूनही ओळखत नाहीत, रोज मागे लागतात.

झरीचा_फिरस्ता

झरी हो सिस्टर, झिरो नाही 😄 पी म्हणजे हनुवटीचं संरक्षण धरून पास, जे म्हणजे उघड्या हेल्मेटासारखं पास. दोन्ही असलं की भाग खाली असतानाही चालते, वर असतानाही. तुमचं चांगलं आहे. एनपी लिहिलेलं असतं तर हनुवटीचा भाग नुसता शोभेचा. कुत्र्यांवर इलाज नाही. मी बिस्किट ठेवतो.

उपकेंद्रवाली_सिस्टर

सॉरी दादा, मोबाईलने केलं ते. धन्यवाद.

बुलेटवाला_वणी

माझंच आताच पाहून आलो. लेबल नाही, नुसता स्टिकर. ॲपमध्ये नंबर टाकला तर कोणता तरी भलताच माल दाखवते. अकराशेला घेतलं होतं बाप्पा.

दारव्हेकर_४११

टेपने मोजलं, ५८ भरलं. हिशोब असा लावला: नागपूरच्या फेऱ्या महिन्यातून दोनच, म्हणून शोएई राहू द्या. मंगळवारी नागपूरला जातो, एमएल घालून अर्धा तास बसतो. कपाळाला टोचलं तर चार-पाच हजाराचं देशी, फिकट रंगात, सोबत एक जादा काच. उरलेल्या पैशाचं बाबांनी आधीच ठरवून ठेवलं आहे, रविवारी बाजार आहे.