फ्रेंच गाड्यांची ती चाल कुठे गेली?

घाटवाट: गेल्या वर्षी फ्रान्समध्ये एका जुन्या सिट्रोएन डीएसमध्ये मागे बसलो. इंजिन सुरू झालं, गाडी सावकाश वर उठली आणि दगडी फरसबंदीवरून होडीसारखी निघाली. १९५५ ची ही रचना! स्प्रिंगांच्या जागी धातूच्या पोकळ गोळ्यांत कोंडलेला नायट्रोजन आणि दाबाखालचं तेल. २०१७ नंतर सिट्रोएनने ही पद्धत बंदच केली. आता शॉकॲब्झॉर्बरच्या टोकांना हायड्रॉलिक उशा असतात. मोठे धक्के त्या गिळतात, पण बारीक खरखर अंगाला लागतेच. माझ्या मते हा तोटाच झाला.

पाना_१३: असहमत. डीएस श्रीमंतांची गाडी होती. सामान्य माणसाच्या आजच्या हॅचबॅकशी तिची तुलना अन्यायाची आहे.

घाटवाट: मग सिट्रोएनचीच टूसीव्ही घ्या. १९४८ ची, शेतकऱ्यासाठी बनवलेली, इंजिन जेमतेम ३७५ सीसी. नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी न फुटता जावीत, ही तिची अट होती. पुढचं-मागचं चाक आडव्या स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडलेलं. स्वस्त गाडीही मऊ असू शकते, याला आणखी काय पुरावा हवा?

पाना_१३: अहो, ती सुरुवातीला ताशी ६५ च्या आसपासच पळायची, वजन अर्धा टन, आणि वळणावर केवढी कलायची! आज त्याच कुटुंबाला महामार्गावर १३० ने जायचं असतं. एअरबॅगा आणि अपघातात चेपणारा सांगाडा यांनी वजन दुपटीहून वाढलंय. तेवढी मऊ गाडी मी माझ्या मुलांना देणार नाही. रूपाचं म्हणाल तर २०२४ ची इलेक्ट्रिक रेनो ५ बघा. १९७२ च्या गाडीच्या बॉनेटवर हवेची जाळी होती, तिथेच आता बॅटरी किती भरली ते दिसतं. इतकं जिव्हाळ्याचं काम क्वचित दिसतं.

सांजरंग: रेनो ५ मलाही आवडते, पण ती मागे वळून बघते. डीएसचा आकार काढणारा फ्लामिनिओ बेर्तोनी मूळचा शिल्पकार. त्याने कुठलीच जुनी गाडी समोर ठेवली नव्हती. पॅरिसच्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी १२,००० मागण्या आल्या, त्या याच धाडसाला. आज तेच नाही.

कल्याणकर: आमच्याकडे कल्याणच्या कारखान्यात बनलेली प्यूजो ३०९ होती. तिच्यात ना नायट्रोजन, ना गोळे, तरी कसाऱ्याच्या खड्ड्यांत आजीची झोप मोडायची नाही. प्यूजो तेव्हा शॉकॲब्झॉर्बर स्वतः बनवायची आणि टायरची भिंत चांगली जाड असायची. आता देखणेपणासाठी १९ इंची चाकं लावतात, रबर उरतं बोटभर. वजनाचा मुद्दा मान्य, पाना_१३, पण ही चाकं कुठल्या सुरक्षेसाठी?

पाना_१३: चाकांबाबत तुमचं बरोबर आहे. मी स्वतः लहान चाकांचंच मॉडेल घेतलं.