आजोळची पाऊलवाट: जुलैमध्ये चालावी का?

कोपरीकर:
नमस्कार. माझे आजोळ शहापूर तालुक्यात आहे. आईचे गाव आणि तिच्या मावशीचे गाव यांच्यामध्ये भाताच्या खाचरांमधून जाणारी एक पाऊलवाट होती, आणि आई लहानपणी त्या वाटेने तासाभरात मावशीकडे पोहोचत असे. डांबरी रस्ता मात्र टेकडीला मोठा वळसा घालून जातो. येत्या जुलैमध्ये लोकलने आसनगावला उतरून, पुढे रिक्षाने गावात जाऊन, आईसोबत ती वाट चालण्याचा विचार आहे. आईचे वय अडुसष्ट आहे. वाटेतल्या शेतांचे मालक हरकत घेतील का, आणि वाट मोडली असल्यास ती कशी ओळखावी?

खाचरवाला:
ताई, वाट शोधण्याआधी महिना बदला. जुलैमध्ये आमच्याकडे लावणी चालू असते. त्याआधी आम्ही खेकड्यांची बिळे बुजवून बांधांना चिखलाचा नवा लेप देतो, कारण बांध ही आमच्यासाठी वाट नसून पाणी अडवणारी भिंत आहे. ओल्या बांधाची कड पायाखाली खचली, तर वरच्या खाचरातले पाणी टाकलेल्या खतासकट खालच्या खाचरात उतरते, वरची रोपे उघडी पडतात आणि दोन शेजाऱ्यांत विनाकारण बोलाचाली होते. आम्हीसुद्धा राबातून, म्हणजे रोपे वाढवलेल्या वाफ्यातून, उपटलेल्या रोपांच्या मुठी घेऊन जाताना शक्यतो खाचरातूनच चालतो. भाद्रपदात बांधावर गुडघाभर गवत असते आणि त्यात फुरसे दिसत नाही, म्हणून तोही काळ नको.

दिवाळीनंतर कापणी आणि झोडणी उरकली की रान मोकळे होते आणि वाट आपोआप उमटते, कारण सगळेच सरळ चालू लागतात. तरीही ओलीवर वाल किंवा हरभरा पेरलेला दिसल्यास कडेने जावे. जुनी वाट बांधाबांधानेच गेली असेल, असेही धरून चालू नका. जाणत्यांनी ती बहुधा माळाच्या कडेने नेऊन, जिथे ओढ्याला खडक आहे तिथेच ओलांडलेली असते. आईंना आंब्याचे झाड किंवा वाघोबाचा दगड यांसारख्या खुणा विचारून घ्या. आमच्याकडे हरकत फारशी कोणी घेत नाही, मात्र न विचारता ओल्या बांधावर चढणाऱ्याला बोलणी बसतात, आणि ती बसावीत असे माझेही मत आहे.

मोजणीदार (निवृत्त):
मालकीच्या प्रश्नापुरते सांगतो. गाव नकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेला असतो. तो नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. रेषा नकाशावर असेल, तर ती वाट कोणाच्या मेहेरबानीची राहत नाही. पण रेषा नाही म्हणून वाट नाही, असेही नव्हे. कित्येक वाटा केवळ वहिवाटीच्या असतात. अशी वाट अडवली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अडथळा दूर करण्यासाठी दाद मागता येते, परंतु ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता हवा असलेल्या शेतकऱ्यासाठी आहे. तुमच्यासारख्या पाहुण्याने कलमे खिशात ठेवावीत आणि बांधावर भेटेल त्याला राम राम घालावा.

कोपरीकर:
दोघांचेही आभार. जुलैचा बेत रद्द केला असून आता डिसेंबरचा दुसरा रविवार ठरवला आहे. आईला खुणा विचारल्या, तेव्हा तिने चिंचेचे झाड, खडकाचा उतार आणि वाघोबा एका दमात सांगितले. मात्र त्याच बाजूने समृद्धी महामार्ग गेला आहे, असे मामा म्हणतो. मग वाट तुटली का?

खाचरवाला:
तालुक्यातून गेलेला इगतपुरी ते आमणे हा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. त्या महामार्गावर पायी जाण्यास मनाई आहे आणि दोन्ही बाजूंना कुंपण आहे, त्यामुळे तो वरून ओलांडण्याचा विचारही करू नका. गुरे आणि माणसे खालच्या भुयारी मार्गांतून पलीकडे जातात. तुमच्या वाटेला सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हे मामांकडून आधीच पाहून घ्या. त्यासाठी वाट थोडी वाकडी करावी लागेल, त्यामुळे आईंच्या एका तासाचे दीड तास धरा. उन्हे चढण्याआधी निघा.