विषय: लेकीच्या लग्नासाठी मंडळाची ताटं मिळतील का?

नमस्कार मंडळी,

केटररला शुक्रवारपर्यंत कळवायचंय, म्हणून घाईत लिहितेय. मुलांचा एकच हट्ट आहे: लग्नात वापरून फेकायचं काही नको. पत्रिका छापल्याच नाहीत, झेंडू आपल्याच लोकांच्या परसातला, लेक माझा शालू नेसणार. अडलंय ते ताटांवर. माणसं 220. हॉलवाले म्हणतात, हिरव्या डब्यात (खतासाठी जाणाऱ्या ओल्या कचऱ्याच्या) फक्त अन्न टाकायचं. पत्रावळी, द्रोण, उसाच्या चोथ्याच्या प्लेटा काही चालणार नाही. म्हणजे 'कंपोस्टेबल' बघून घेतलं तरी जाणार लँडफिललाच, म्हणजे कचरा पुरतात तिथे. मंडळाची गणपतीतली स्टीलची ताटं मिळतील का? घासून, मोजून परत करायची जबाबदारी माझी.

– सु. जो., मिलपिटास, कॅलिफोर्निया

---

वहिनी, अभिनंदन!

पण ताटांचं स्पष्ट सांगतो. ती वर्गणीतून घेतलेली आहेत आणि कोजागिरीच्या प्रकारानंतर खाजगी कार्याला द्यायची नाहीत असं ठरलंय. तेव्हा नेलेल्या वाट्या अजून आलेल्या नाहीत, कोणाकडे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. शिवाय ताटं 180 आहेत, 220 नाहीत. सुपारीच्या पानांच्या प्लेटा घ्या. मजबूत असतात, अळूचं फदफदं गळत नाही.

– भांडार (मंडळाचं सामान सांभाळणारा)

---

सुपारीच्या घेऊ नका. एफडीएने (अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने) मे 2025 मध्ये पत्र काढलंय की सुपारीच्या पानांच्या ताटवाट्यांना अन्नासाठी मान्यता नाही. त्यातली अरेकोलिनसारखी (सुपारीत असतात ती) द्रव्यं अन्नात उतरू शकतात. गरम आमटी, आंबट मठ्ठा, वर लहान मुलं. कशाला?

– मी. प., फ्रीमाँट

---

मीताई, आमचं घर श्रीवर्धनचं, रोठा सुपारीचं गाव. पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) विऱ्या, म्हणजे पानाच्या रुंद बुडख्याची ताटं, आम्ही लहानपणापासून वापरल्यात. आजी नव्वदीपर्यंत खणखणीत होती. पान वेगळं, सुपारी वेगळी. एका पत्रावरून कोकणातल्या बायकांच्या हाताला मिळालेलं काम बंद पाडायचं हे मला पटत नाही.

– श्री. क.

---

काका, कोकणाविरुद्ध काही नाही हो. पण 220 लोकांना जेवायला घालताना सरकारने नको म्हटलेली वस्तू आपण होऊन ठेवायची नाही, इतकंच. आजींचं उदाहरण सगळ्यांना लागू होत नाही.

– मी. प.

---

केळीची पानं घ्या की! एशियन दुकानात गोठवलेली मिळतात. आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवायची, ओल्या फडक्याने पुसून आचेवरून फिरवायची, नाहीतर शिरेवर फाटतात. शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे. नंतर पान हिरव्या डब्यात टाकता येतं का ते हॉलला विचारा, तो बागेतल्या पाल्यासारखाच पाला आहे. आमच्या विदर्भात पळसाची पत्रावळ, चोयांनी टाचलेली, तिला तोड नाही, पण ती इथे ताजी कुठून आणणार.

– वि. दे., सनीव्हेल

---

गोठवलेलं पान जहाजाने येतं, फ्रीझरमध्ये पडून राहतं. त्यापेक्षा स्टीलच बरं. आणि कॅलिफोर्नियात पाणी नाही, धुण्यात किती जाईल, असं कोणी म्हणण्याआधी हिशेब देतो. हॉलमधल्या व्यावसायिक मशीनला एका रॅकला साधारण 4 लिटर पाणी लागतं. काठाची ताटं रॅकमध्ये दहा बसली तरी 220 ताटांना 22 रॅक, म्हणजे 90 लिटरच्या आत. वाट्या-पेले धरून दुप्पट. नळाखाली घासली तर मात्र याच्या कितीतरी पट जाईल, म्हणून मशीनची परवानगी आधी लेखी घ्या.

खरं तर मोठा भार ताटांचा नाहीच. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को जाऊन-येऊन एका माणसामागे अंदाजे दोन टन कार्बन डायऑक्साइड होतो. तिकडून किती जण येणार आहेत?

– अ. कु.

---

अकु, माझे आईवडील येणार आहेत आणि नवऱ्यामुलाची आजी. नातीचं लग्न त्यांनी मोबाईलवर बघावं असं मी म्हणणार नाही. बाकी चुलत-मावस सगळ्यांना मुलांनीच सांगितलंय की पुण्यात डिसेंबरमध्ये घरच्या घरी सत्यनारायण करू, तेव्हा भेटू. दोघं त्या वेळी तसेही जाणार होते. माझी नणंद अजून बोलत नाही माझ्याशी. तेव्हा तो विषय झालाय. ताटांचं बोला.

– सु. जो.

---

अक्षतांचं काय ठरलं? आमच्या वेळी हॉलने तांदूळ टाकू दिले नव्हते. पक्षी खातात आणि पोट फुगून मरतात म्हणे.

– ज. भि.

---

जयाकाकू, पक्षी मरत नाहीत, ते शेतातला भात खातातच. फरशीवर पाय घसरतो म्हणून हॉलवाले नको म्हणतात. मूठभर ऐवजी चिमूटभर द्यायच्या, मांडवाखाली चादर अंथरायची. आमच्याकडे तसंच केलं.

– मी. प.

---

सगळे ताटं मोजताय, पण अन्न? बुफेत माणूस डोळ्यांनी वाढून घेतो आणि निम्मं टाकतो. पंगत बसवा! दोन पंगती, 110-110. मग 180 ताटं पुरून उरतात, पहिली पंगत उठली की निम्मी मशीनला लावायची. वाढपी हवेत फक्त. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा आग्रहाने पण बेताने वाढायचा. जे भांड्यात उरेल, ताटात नाही, ते गरम असतानाच झाकून फूड बँकेला विचारून द्यायचं. 1996 पासून अमेरिकाभर कायदा आहे, चांगल्या मनाने दिलेल्या अन्नाबद्दल देणाऱ्यावर सहसा दावा लागत नाही. त्यामुळे केटरर 'आम्ही जबाबदार नाही' म्हणाला तर घाबरू नका.

– वि. दे.

---

पंगत छान, पण दुसऱ्या पंगतीला जिलबी गार मिळते. आणि नवऱ्याकडचे आधी बसणार की आपण, यावर भांडणं होतात.

– ज. भि.

---

काकू, पहिल्या पंगतीत दोन्हीकडची वयस्कर मंडळी आणि लहान मुलं. तक्रार कोण करणार?

– वि. दे.

---

दोन पंगती असतील तर मी अडवत नाही. पण कार्यकारिणीचा ठराव आहे, मी एकटा बदलू शकत नाही. बुधवारच्या कॉलवर मांडतो. माझ्या अटी: 120 ताटं, 240 वाट्या, 120 पेले, मोजून नेणे, मोजून आणणे, दोन माणसांच्या सह्या. अनामत 200 डॉलर. गोदामाची चावी मी स्वतः घेऊन येईन, दुसऱ्या कोणाला देणार नाही.

– भांडार

---

भाऊ, सगळ्या अटी मान्य. अनामत आजच पाठवते. मशीनचं लेखी हॉलकडून मागवलंय.

वाढायला आठ जण हवेत, दोन्ही पंगतींना तेच. मराठी शाळेतली मोठी मुलं आणि त्यांचे आईवडील, कृपया याच मेलला उत्तर द्या. जयाकाकू, जिलबीची परात तुमच्या ताब्यात देते, दुसऱ्या पंगतीसाठी वेगळी तळायला सांगितलंय.

– सु. जो.

---

मी आणि माझा मुलगा. त्याला मठ्ठा द्या, भात वाढताना सांडतो.

– श्री. क.