गडावरच्या कोठीवाल्याला ऑडिशन कशाला पाहिजे?

कोठीवाला, परभणी
काल देवगिरीच्या रोलप्लेत, म्हणजे आपण एकेक पात्र घेऊन मोबाईलवर लिहून खेळतो त्या खेळात, सूचना आली. नवीन पात्र पाहिजे असेल तर ऑडिशन द्या: पात्राची माहिती, तीनशे शब्दांचा नमुना प्रसंग "शुद्ध प्रमाण मराठीत", आणि पाळी आली की चोवीस तासांत उत्तर द्यायची हमी. मी रामदेवराय मागितला नव्हता, शंकरदेव नाही, हेमाडपंत नाही. कोठीचा राखणदार मागितला, ज्याचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलेलं नाही. नमुना पाठवला, तो परत आला. शेरा एवढाच: "भाषा सुधारा. काळाशी विसंगत उल्लेख."

प्रसंग सगळ्यांना माहीत असलेलाच आहे. १२९६, खिलजीचा वेढा, घाईघाईत गडावर चढवलेली पोती. धान्य समजून आणली आणि निघालं मीठ. मी लिहिलं होतं:

"शिवण उसवून हात घातला. दाणा लागंना. बोटं चिकट व्हायलीत. चाटून बघितलं, खारट. दुसरं पोतं उसवलं, तिसरं उसवलं. मागून राजा इचारायला, जवारी किती दिस पुरंल? अन् मी मिठात कोपरापोतर हात घालून हुबा."

ह्यात काय सुधारायचं ते मला कुणीतरी सांगा. इथं तिकीट नाही, मानधन नाही. दिवसभर दुकानात उभं राहून रात्री अकराला मोबाईलवर लिहितो मी हे. मुलाखती नोकरीसाठी भरपूर देऊन झाल्यात.

खंदककाठ, संभाजीनगर
दादा, सूचना मीच टाकली, म्हणून उत्तरही मीच देते.

गेल्या वर्षी आपण मलिक अंबरच्या खडकीचा (म्हणजे जुन्या संभाजीनगरचा) खेळ ऑडिशनशिवाय चालवला. ज्यानं आधी हात वर केला त्याला अंबर दिला. पहिल्याच आठवड्यात त्यानं चार ओळींत अख्खी मुघल फौज कापून काढली. समोर मुघल सरदार खेळणाऱ्याला तोंड उघडायची संधी नाही. गॉडमोडिंग कशाला म्हणतात ते तेव्हा सगळ्यांनी बघितलं. मग तो कंटाळला आणि गायब झाला. नहरीचं, म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या कालव्याचं, खोदकाम अर्धवट, अकरा जण त्याच्या हुकमाची वाट बघत बसलेले. एकोणीस दिवस मी रोज रात्री त्याला विनवत होते. शेवटी खेळ बंद पडला. त्या अकरातले चार जण परत आलेच नाहीत.

नमुना प्रसंग मी शुद्धलेखन तपासायला मागत नाही. हा माणूस समोरच्याला जागा ठेवतो का, ते मला त्यात दिसतं. तुमच्याच प्रसंगात बघा. "राजा इचारायला" असं लिहिलंत, पण राजा दुसऱ्या कुणाचा आहे. त्याच्या तोंडचं वाक्य तुम्ही घेतलंत. मिठात हात असताना थांबला असतात, तर राजाला काय विचारायचं ते त्यानं ठरवलं असतं.

आणि तुम्ही इथं न टाकलेल्या परिच्छेदात कोठीवाला भाकरीसंगं मिरचीचा ठेचा खातो. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. वास्को द गामा कालिकतला उतरला तोच १४९८ मध्ये.

मांजराकाठचा, लातूर
मिरचीचं सोडा. "भाषा सुधारा" ह्याबद्दल बोला.

मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्या महिन्यात मेसमध्ये मित्राला हाक मारली, "काय करलालास बे?" अख्खं टेबल हसलं. नंतर दोन वर्षं कुणीही भेटलं की तेच वाक्य मला ऐकवायचं. आईचा फोन आला की मी उठून जिन्यात जायचो, कारण तिच्याशी दुसऱ्या भाषेत बोलता येत नव्हतं आणि तिच्या भाषेत खोलीत बोलायची लाज वाटायची. ती लाज मी कुणामुळं शिकलो? आता मराठवाड्याच्या गडावरचा, मराठवाड्यातल्या लोकांनी चालवलेला खेळ, आणि त्यात पण तोच शेरा?

१२९६ ला प्रमाण मराठी कोण बोलत होतं? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा आहे. यादवांच्या काळची भाषा पाहिजे तर लीळाचरित्र उघडा. मिरची चालत नाही म्हणता, मग "परंतु" आणि "तथापि" कसे चालतात?

जुना जालनेकर
मुद्दा पटतो, पण अडचण पण ऐका. आपण वीस जण. लातूरचा "करलालाव" लिहिणार, मी "करायलो" लिहिणार, बीडचा "मपलं-तुपलं" घेऊन येणार. प्रत्येकाचं लेखन वेगळं. मागच्या खेळात एका पोस्टचा अर्थ लावायला मला तीनदा वाचावं लागलं, तोवर दोघं पुढं निघून गेले. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, हा तोडगा निघू शकतो. मी स्वतः आता पुण्यात राहतो, इथल्या मित्रांना पण खेळात आणायचं म्हटलं तर त्यांना कळायला नको?

मांजराकाठचा, लातूर
आलंच शेवटी. पुण्याच्या मित्रांना कळावं म्हणून आम्ही बदलायचं. त्यांचं लिहिलेलं आम्हाला समजावं म्हणून ते कधी बदलले? गाव सोडलं की माणसाला घरची बोली अडचण वाटायला लागते.

जुना जालनेकर
माझ्या घरी काय बोलतात ते तुम्हाला माहीत नाही. माझी पोरगी पुण्यात जन्मली आणि आजीशी फोनवर "लैच भारी" म्हणते. मला गाव शिकवू नका.

खंदककाठ, संभाजीनगर
दोघंही थांबा. घरादारावर जायचं नाही.

आद्यकवीच्या गावची, अंबाजोगाई
मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात आहे, तेव्हा मराठी कुणाची ह्यावर मला तासभर बोलता येईल. पण मला ऑडिशनबद्दल बोलायचंय, ज्यावर सुरुवात झाली होती आणि जे सगळे विसरले.

खडकीच्या खेळात मी हकिमाची बायको होते. कुणालाही प्रवेश होता. एकजण शिपाई म्हणून आला, खेळात दोन ओळी लिहिल्या आणि त्याच रात्री खासगीत विचारायला लागला, खरं नाव काय, कुठं राहता, फोटो पाठवा. मी पात्र सोडलं. मला ते पात्र आवडत होतं, तिच्यासाठी जडीबुटीची यादी वहीत काढून ठेवली होती. ऑडिशनला तीनशे शब्द लिहावे लागले असते तर तो आलाच नसता. असल्या लोकांना लिहायचं नसतंच. दादा, तुम्हाला दार बंद दिसतं. मला तेच दार असल्यामुळं परत यावंसं वाटलं.

कोठीवाला, परभणी
ताई, हे मला माहीत नव्हतं. ऑडिशन नको हे माझं म्हणणं मी मागं घेतो.

राजाचं वाक्य पण काढतो. ते बरोबर आहे, पटायला रात्र गेली. लिहिताना वाटलं होतं की राजानं विचारल्याशिवाय प्रसंग उभाच राहणार नाही. आता वाचलं तर मिठात हात तेवढाच पुरतो. ठेच्याच्या जागी लसूण घेतो, मला चव तीच पाहिजे होती.

पण भाषा सोडणार नाही. माझे आजोबा आडत दुकानात हमाल होते. पोत्यात हात घालून माल ओळखायचे. "दाणा लागंना" हे वाक्य त्यांचं आहे. ते "दाणा लागेना" केलं तर तो माणूस माझा राहत नाही, मग मी कशाला खेळू?

खंदककाठ, संभाजीनगर
"शुद्ध प्रमाण मराठीत" हे शब्द सूचनेतून काढले. तिथं आता "दुसऱ्याला कळेल अशा मराठीत" असं आहे. शेरा पण नीट समजावून द्यायला पाहिजे होता. त्या रात्री नऊ नमुने वाचले होते आणि तुमचा नववा होता. ऑडिशन मात्र राहणार.

मांजराकाठचा, लातूर
"दुसऱ्याला कळेल" हे ठरवणार कोण? जालनेकर?

खंदककाठ, संभाजीनगर
मी. आणि नाही कळलं तर आधी विचारेन, मग शेरा लिहीन.

कोठीवाला, परभणी
नवीन नमुना रविवारी पाठवतो. चोवीस तासांचं मात्र आत्ताच सांगून ठेवतो. सोयाबीन काढणीला आली की मी आठ-दहा दिवस गावाकडं असतो, शेतात रेंज नाही. तेवढे दिवस कोठीला कुलूप लावून जाईन, किल्ली कुणाकडं देऊ ते सांगा.

आद्यकवीच्या गावची, अंबाजोगाई
माझ्याकडं द्या. ह्या खेळात मी गडावर दळण दळणारी आहे, कोठीत माझं येणं-जाणं असणारच.