तो फिका पट्टा म्हणजे दोष नव्हे

एकांनी लिहिलंय की इराणमधल्या शिराझ शहरातल्या घरगुती विक्रीदालनातल्या कशकाई टोळीच्या गालिच्यात लाल रंग मधेच फिका झालाय, तेव्हा माल सदोष. मला हे अजिबात पटत नाही. लोकरीच्या वेगवेगळ्या घाण्यांमुळे एकाच रंगात पडणाऱ्या अशा फरकाला अब्राश म्हणतात. कशकाई मूळचे भटके. बायका जमिनीवर आडवा माग ठोकून विणायच्या, मुक्काम हलला की माग गुंडाळून निघायच्या. लोकर लागेल तशी रंगवायची. रोनासच्या (आपल्या मंजिष्ठेच्या जातीतल्या) मुळांचा लाल रंग दुसऱ्या घाण्यात हुबेहूब उतरत नाही, कारण पाणी बदलतं, मुळंही बदलतात.

गालिचा उलटून बघा. पट्टा गाठींच्या आडव्या ओळीला धरून सुरू होतो. डाग असता तर वेडावाकडा पसरला असता. कडेच्या झालरीही तपासा. हातमागावर त्या ताण्याचीच (उभ्या धाग्यांचीच) टोकं असतात, वेगळ्या शिवलेल्या असतील तर शंका घ्यावी.

शिराझ ज्या फार्स प्रांतात आहे, तिथलं हे विणकाम २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. पिढीजात दालनवाले कुठल्या टोळीचं काम आहे ते सांगू शकतात, म्हणून मी त्यांच्याकडेच जाईन. आणि त्या पट्ट्यावरून भाव पाडून मागणं मला विणणारीवर अन्याय वाटतो.