अनुभव धागा: तुमची कुंती फुलते का?

पहिले एकदोन पाऊस झाले की नाशिकच्या गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यांवरून रात्री जाताना जो गोड वास येतो ना, तो बऱ्याचदा कुंतीचा असतो, कोणी कामिनी म्हणतं. लिंबू-कढीपत्त्याच्याच कुळातलं झुडूप. नर्सरीवाले "बारमाही फुलते" म्हणून गळ्यात मारतात आणि घरी नुसता हिरवागार पाला! कोणाकडे कशी फुलते लिहा बरं.

---

आम्ही सटाण्याकडचे, घरी डाळिंब. डाळिंबाला ताण देऊन बहार धरतात तोच प्रकार इथे नाशिकला अंगणातल्या कुंतीला करतो. उन्हाळ्यात पाणी तोडायचं, पानं जरा मलूल दिसली की शेणखत घालून भरपूर पाणी, मग शेंड्यांना कळ्यांचे घोस येतात आणि सगळं झाड एकदमच फुलतं. दोन दिवसांत पाकळ्यांचा सडा आणि खेळ खलास. रोज थोडं थोडं पाणी घालत बसलं की ती पालाच वाढवणार. कुंडीतलीला मात्र जपून हां, माती कमी असते, पार वाळून जाईल.

---

सोसायटीत कुंपणाला लावलीये, माळीदादा दर महिन्याला कात्रीने चौकोनी डबा करून टाकतात. फुलं शेंड्यालाच येतात, मग येणार कुठून?? भांडून भांडून शेवटी एक कोपरा सोडायला लावला, आता तेवढाच कोपरा फुलतो. कटिंग करायचंच तर बहार संपल्यावर लगेच.

---

पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं कोणाचं होतंय का? आमच्याकडे काळी माती, त्यात बोअरचं जड पाणी, लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. द्राक्षवाले वापरतात ते चिलेटेड फेरस (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) कृषी सेवा केंद्रातून आणलं, नवी पालवी हिरवी आली. जुनी पिवळी पानं काही सुधारली नाहीत.

---

अळ्यांचं कोणी लिहिलंच नाही! लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. काडी लावली तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात, नातू तर खूशच. फुलपाखराच्या आहेत हो, औषध मारू नका, मोठं झाड पुरून उरतं. रोपटं असेल तर उचलून कढीपत्त्यावर सोडा, तोही चालतो त्यांना. आणि वासाने साप येतात म्हणून शेजारच्या काकूंनी झाड तोडायला सांगितलं होतं, मी काही ऐकलं नाही.

---

लाल फळांतलं बी ताजंच पेरलं तर उगवतं, पण फुलांसाठी काही वर्षं थांबायची तयारी ठेवा. घाई असेल तर गुटी कलमाचं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) रोप घ्या.

---

सिडकोत फ्लॅट आहे, उत्तरेची गॅलरी, ऊन जवळजवळ नाहीच. जमेल का?

---

जगेल, फुलं फारशी नाही मिळणार. चारपाच तास ऊन पाहिजेच तिला. गच्चीवर परवानगी मिळते का बघा.