शोधनिबंधात ‘प्रूव्ह’ नको म्हणे. मग ‘सजेस्ट’ किती दिवस?

बोरूबहाद्दर
इंग्रजी शोधनिबंधांची भाषा तपासून देण्याचं काम करतो. लिहिणारे बहुतेक मराठी माध्यमातून आलेले प्राध्यापक आणि पीएचडीवाले. स्पेलिंग-व्याकरण आता संगणकच सुधारतो. घोळ असतो तो क्रियापदात. एका कॉलेजातल्या चाळीसेक मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि खाली ठोकून द्यायचं, ‘धिस स्टडी प्रूव्हज्’. मी ते खोडून ‘सजेस्ट्स’ केलं की फोन येतो, “सर, म्हणजे आमचं काम कच्चं?”

कच्चं कशाला? डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आला. त्याच्या पहिल्याच वाक्यात आहे ‘वी विश टू सजेस्ट’. एवढ्या मोठ्या कामाला ते क्रियापद पुरलं. आपण किती पुढे जाऊन बोलतोय, हे वाचणाऱ्याला क्रियापदावरूनच कळतं. ते नीट निवडणं हा शोधाचाच भाग आहे असं माझं मत. पटतं का?

सातबारा
नाही. वॉटसन-क्रिक दर वेळी येतात, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग कुणाला आठवत नाहीत. त्याच १९५३ मध्ये, दोन महिने आधी, पॉलिंग आणि त्यांचे सहकारी कोरी यांनी न्यूक्लिइक आम्लांची (डीएनए त्यातलंच) तीन पदरी रचना मांडली. शीर्षकातच ‘प्रपोज्ड’. ती साफ चुकली. नम्र दोघंही होते. निकाल लावला तो लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या रोझलिंड फ्रँकलिन यांच्यासारख्यांच्या क्ष-किरण पुराव्याने, क्रियापदाने नव्हे.

आणि तुमच्यासारख्यांच्या धाकाने मुलं काय लिहितात ते बघा: ‘द रिझल्ट्स सीम टू सजेस्ट दॅट इट मे’. वाक्य संपतं, पण हा माणूस काय म्हणाला ते कळत नाही. उद्या चुकलो तर अंगाशी नको, एवढाच त्याचा अर्थ.

बोरूबहाद्दर
पॉलिंग तर माझ्याच बाजूचे झाले की. रचना चुकली, पण ‘सिद्ध केलं’ असं ते म्हणालेच नव्हते, त्यामुळे शब्द मागे घ्यायची वेळ आली नाही. ‘सीम’, ‘सजेस्ट’ आणि ‘मे’ एकाच वाक्यात कोंबणं मलाही नको. एक पुरे.

शून्यशेष
आमच्या गणितात हा प्रश्नच नाही. ‘प्रूव्ह’ म्हणजे प्रूव्ह. सिद्धता नसेल तर ते ‘कंजेक्चर’, म्हणजे नुसता अंदाज, मग लाखो उदाहरणं तपासलेली असोत. बाकी शास्त्रांनी आमचा शब्द उसना नेला आणि झिजवून परत केला.

तिरकी रेघ
मी सार्वजनिक आरोग्यात काम करते. माझं मत दोघांच्या मधलं नाही, सातबारांच्या बाजूला झुकणारं आहे, पण कारण वेगळं.

सिगारेटचा इतिहास घ्या. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासून लिहिलं की धूम्रपान हा तो होण्यातला ‘महत्त्वाचा घटक’ आहे. ‘कॉज’ हे क्रियापद त्यांनी टाळलं. शास्त्र म्हणून ते योग्यच होतं. पण जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी वर्तमानपत्रांतून मोठी जाहिरात दिली, त्यात एक मुद्दा होता: सिगारेट हे कर्करोगाचं एक कारण आहे याला ‘प्रूफ’ नाही. म्हणजे शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे जो शब्द वापरत नव्हते, नेमकी तीच फट कंपन्यांनी गाठली. रोनल्ड फिशर यांच्यासारखा थोर संख्याशास्त्रज्ञही नंतर ‘संबंध दिसतो म्हणजे कारण नव्हे’ म्हणत राहिला.

११ जानेवारी १९६४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाचा, धूम्रपानावरच्या सल्लागार समितीने केलेला अहवाल आला. त्या समितीने ‘कारण’ हा शब्द वापरायचा की नाही यावर वेगळी चर्चा करून तो वापरला. आधी निकष ठरवले: संबंध किती घट्ट, वेगवेगळ्या अभ्यासांत तोच येतो का, आधी काय आणि नंतर काय, वगैरे. मग पुरुषांच्या बाबतीत स्पष्ट लिहिलं, कर्करोगाशी कार्यकारण संबंध आहे. ते ‘सजेस्ट्स’वर थांबले असते तर? मऊ क्रियापद नेहमीच निरुपद्रवी असतं, हा समज मला पटत नाही.

बोरूबहाद्दर
१९६४ चा मुद्दा मान्य. पण तो हजारो रुग्णांच्या, कितीतरी अभ्यासांच्या जोरावर. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालांतही हेच दिसेल. १९९५ मध्ये पुराव्याचं पारडं मानवी प्रभाव ‘सजेस्ट’ करतं, २०२१ मध्ये तोच प्रभाव ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे वादच नाही. पुरावा वाढला तसा शब्द चढला. आमच्या चाळीस मुलांच्या प्रश्नावलीने तो आधीच चढवायचा?

कुळागर
फोंड्याहून. आपल्याला हा भेद नवा नाही हो. ‘पाऊस पडलाय’, ‘पडला असावा’, ‘पडला म्हणे’ यांत कुणी गल्लत करतं का? मराठीत ते ओझं ‘असावा’ आणि ‘म्हणे’ उचलतात. इंग्रजीत ते मुख्य क्रियापदावर येतं आणि आपली पोरं तिथे ‘सिद्ध होते’चं भाषांतर करून मोकळी होतात. ‘यावरून सिद्ध होते की’ हे शाळेतल्या निबंधापासून बोटांत बसलंय.

तिरकी रेघ
मग सरळ ‘वी फाउंड’ लिहा ना. आम्हाला हे आढळलं. खोटं नाही, मिंधंही नाही. आमच्या क्षेत्रात ‘जामा’सारखी वैद्यकीय नियतकालिकंही नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासात ‘रिड्यूस्ड’ (अमुकमुळे कमी झालं) वगैरे लिहू देत नसत, ‘असोसिएटेड विथ’ (नुसता संबंध दिसला) मागत.

सातबारा
‘फाउंड’ला माझी हरकत नाही. पण बोरूबहाद्दर, शीर्षकाचं काय? ‘इम्पॅक्ट ऑफ मोबाइल यूज ऑन’ अमुकतमुक. कार्यकारणाचा सगळा दावा त्या एका नामात करून झालेला असतो आणि तुम्ही खाली क्रियापदं घासत बसता.

बोरूबहाद्दर
खरंय. पण पीएचडीचं शीर्षक नोंदणीच्या वेळीच ठरतं. बदलायचं तर अर्ज, मग समिती. गाइडही म्हणतात, राहू दे. म्हणून वर ‘इम्पॅक्ट’ आणि आत ‘असोसिएटेड’ असे प्रबंध निघतात, आणि तोंडी परीक्षेत त्याबद्दल कुणी विचारतही नाही.